थांबराव, खेकडा आणि मा

कसाऱ्याहून घाट चढून गाडी इगतपुरीला आली की तिच्या पाठीमागची बँकर इंजिनं सुटतात. सदतीस फुटांना एक फूट असा हा चढ आहे. १८६५ साली रेल्वे इथवर पोहोचली, तेव्हापासून गाडीला मागून जोर लावणारं कुणीतरी लागतंच. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली आणि तिच्या जोडीला एक अजब इंजिन आलं. मधोमध केबिन, पुढे आणि मागे लांब नाकाडं, चाकांना बाहेरून जोडलेले दांडे, आणि वळण आलं की सांध्यांतून वळणारं अंग. रेल्वेच्या दप्तरात पुढे त्याची नोंद डब्ल्यूसीजी-१ अशी झाली. त्यातल्या एकाला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव दिलं होतं. ते इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

घाटातल्या माणसांनी मात्र या इंजिनांना 'खेकडा' म्हटलं. उभं असताना ते विचित्र कण्हायचं आणि चालायला लागलं की दांड्यांचा सूं-सूं आवाज यायचा. गव्हर्नरसाहेबांचं नाव पितळी पाटीवर राहिलं, तोंडात बसला तो खेकडा. ते नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी त्या यंत्राच्या शेजारी रात्री काढल्या होत्या, त्याचा आवाज झोपेतही ओळखला होता. यंत्राला नाव असं पडावं लागतं, असं मला वाटतं. या पावसाळ्यात आमच्या घराच्या ओट्यावर गल्लीतल्या मुलांबरोबर एक छोटा यंत्रमानव बनवताना ही गोष्ट मी डोळ्यांदेखत घडताना पाहिली.

इगतपुरीचा पावसाळा म्हणजे चार महिने घराबाहेर खेळायची सोय नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ढग घरात शिरतात, कपडे वाळत नाहीत. मुलं कंटाळून मोबाइलकडे वळतात. त्यांच्यासाठी काहीतरी चालणारं, फिरणारं बनवावं असं ठरलं, तेव्हा पहिली अडचण आली ती पुठ्ठ्याची. बुटांच्या खोक्याचं धड केलं की दुसऱ्या दिवशी ते ओलसर होऊन वाकायचं, फेव्हिकॉल वाळायचा नाही. शेवटी एका मुलीनेच घरून तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा आणला आणि प्रश्न सुटला. पोटाशी चौकोन कापून झरोका ठेवला. आतल्या वायरी सगळ्यांना दिसल्या पाहिजेत, ही माझी एकच अट होती.

बाकीचं सामान नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरून आणलं. पिवळ्या गिअरच्या दोन बीओ मोटारी, दोन चाकं, मागे टेकायला एक गोल फिरणारं चाक, निळा अर्डुइनो बोर्ड, मोटारी चालवणारा लाल ड्रायव्हर, पेन्सिल सेल, आणि एक सेन्सर. अर्डुइनो हा २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावात, शिकणाऱ्या मुलांना स्वस्तात हाताशी असावा म्हणून जन्मलेला बोर्ड. त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवल्यामुळे आज तो इगतपुरीच्या ओट्यावर येऊ शकतो. आपल्याकडे मुलांसाठी इतक्या गोष्टी बंद डब्यात मिळतात, की कुणीतरी मुद्दाम उघडी ठेवलेली वस्तू हातात घेताना मला नेहमी कृतज्ञ वाटतं.

त्या सेन्सरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. बोटाएवढ्या पट्टीवर दोन चंदेरी नळकांडी शेजारी शेजारी बसवलेली असतात. ती डब्याच्या वरच्या बाजूला लावली आणि मुलं एका सुरात ओरडली, "डोळे!" खरं तर त्यातलं एकही डोळा नाही. एक तोंड आहे आणि दुसरं कान. तोंडातून सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा आवाज निघतो. माणसाचा कान वीस हजारांच्या पुढचं ऐकत नाही, म्हणून आपल्याला सगळं शांतच वाटतं. तो आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, कान तो पकडतो, आणि जाऊन येण्यात किती वेळ गेला यावरून बोर्ड अंतर काढतो. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. भिंत वीतभर लांब असेल तर ही जा-ये सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जेमतेम थोड्या जास्त वेळात होते. घाटातल्या जुन्या दगडी बांधकामांच्या कपारींत लटकणारी वटवाघळं याच रीतीने अंधारात वाट काढतात, हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "म्हणजे हा सारखा ओरडत असतो, फक्त आपल्याला ऐकू येत नाही?" हो, तसंच आहे. मग तो मुलगा किती तरी वेळ डब्याला कान लावून बसला.

बोर्डाला एवढंच सांगितलं होतं की वीतभर अंतरावर काही आलं तर थांब, जरा मागे हो, वळ आणि पुन्हा चाल. पहिल्या चाचणीला मोटारी सुरू झाल्या की बोर्ड बंद पडून परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. मोटार सुरू होताना एकदम जास्त विजेची ओढ घेते, व्होल्टेज खाली जातं आणि बोर्डाला दम पुरत नाही. मुलांनी निदान केलं, "त्याला चक्कर येतेय." मोटारींचे सेल वेगळे आणि बोर्डाची बॅटरी वेगळी केली, चक्कर थांबली. मग तो निघाला. भिंतीपाशी गेला, थांबला, वळला. दारापाशी थांबला. एका मुलाच्या पायापाशी थांबला.

नावांची चढाओढ आधीच सुरू होती. 'चिट्टी' हे नाव मुलांना सिनेमामुळे माहीत होतं. एकाला 'बँकर' हवं होतं, कारण त्याचे आजोबा घाटात इंजिन चालवायचे. एका मुलीने तिच्या हरवलेल्या मांजरीचं नाव सुचवलं. यातलं एकही टिकलं नाही. यंत्र चार फेऱ्या मारतं ना मारतं तोच सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "हा सारखा थांबतो. थांबराव!" आणि विषय संपला. त्या क्षणापासून कुणी त्याला 'रोबोट' म्हटलं नाही. "थांबराव दमला", "थांबरावाचं चाक सैल झालंय", "थांबरावाला पावसात नेऊ नका". नाव मिळेपर्यंत ते माझं काम होतं, मुलं बघत होती. नाव मिळाल्यावर काळजी त्यांची झाली.

त्या 'राव'मध्ये महाराष्ट्राची शंभर वर्षांची सवय आहे. यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रंगमंचावर आणलेला बोलका बाहुला सुरुवातीला 'मिस्टर क्रेझी' या इंग्रजी नावाने वावरत होता. तो 'अर्धवटराव' झाला आणि घराघरात शिरला. 'राव' म्हणजे मान, 'अर्धवट' म्हणजे त्याच्या वेडेपणाला परवानगी. त्यामुळे तो मोठ्यांना टोमणे मारू शकायचा आणि मोठेच पोट धरून हसायचे. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी १९६७ मध्ये महाराष्ट्रदिनी अर्धवटरावाला घेऊन पहिला कार्यक्रम केला. ते शिक्षणाने अभियंता आहेत. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही त्यांच्याच हातचा. एकाच हातांनी एक लाडका बाहुला आणि एक पोरांची झोप उडवणारा बाहुला खेळवला, हे मुलांसाठी काही बनवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं होतं की यंत्राचा चेहरा माणसाच्या अगदी जवळ येऊन किंचित चुकला की बघणाऱ्याला शिसारी येते. थांबरावाला तेलाच्या डब्याचं अंग आणि दोन नळकांड्यांचे डोळे आहेत. त्याला कोणी घाबरलं नाही.

नाव ठेवण्याचं काम मुलांवर सोपवावं हे मोठमोठ्या संस्थांनीही ओळखलं आहे. मंगळावर २००४ साली उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन गाड्यांची नावं सोफी कॉलिस या नऊ वर्षांच्या मुलीने सुचवली होती. ती सायबेरियात जन्मली, अनाथाश्रमात राहिली आणि अमेरिकेतल्या कुटुंबात दत्तक आली. क्युरिऑसिटीचं नाव सहावीत शिकणाऱ्या क्लारा माने दिलं. आणि ज्यांना नाव द्यायला कुणी सांगत नाही ती मोठी माणसंही ते करतातच. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास घरं झाडणारी रूम्बा यंत्रं वापरणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा कित्येकांनी त्या चपट्या गोल यंत्राला नाव ठेवलेलं आढळलं, आणि ते अडकू नये म्हणून काहींनी घरातलं सामानही हलवलं होतं.

आता ज्या यंत्रासाठी मुळात हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो. ते इगतपुरीत नाही, गोव्यात आहे. फोंडा तालुक्यातल्या बेतोडा गावात बिपिन कदम नावाचे रोजंदारीवर काम करणारे गृहस्थ राहतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत त्यांची बातमी आली. त्यांच्या मुलीला अपंगत्वामुळे हात उचलता येत नाही, स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला आई भरवायची. त्याच्या दोनेक वर्षं आधी आईनेच अंथरूण धरलं. मग कदम कामावरून मधेच उठून घरी यायचे, मुलीला भरवायचे आणि परत जायचे. रोजंदारीवरच्या माणसाला मधली सुट्टी म्हणजे काय हे ज्यांनी असं काम केलंय त्यांना सांगायला नको. आपल्याला मुलीला भरवता येत नाही म्हणून आई अंथरुणात रडायची. मुलीने कुणावर अवलंबून न राहता वेळेवर जेवावं, यासाठी काहीतरी करा, असा तिचाच आग्रह होता.

भरवणारं असं यंत्र कुठे मिळतं का हे कदम यांनी शोधलं. मिळालं नाही, तेव्हा आपणच बनवायचं ठरवलं. तंत्रशिक्षण काही नव्हतं. दिवसाचे बारा बारा तास काम करून उरलेल्या वेळात ते इंटरनेटवरून शिकत राहिले, बांधत राहिले. चार महिन्यांत यंत्र उभं राहिलं. ताट यंत्रावरच बसवलेलं असतं, त्यात वरण, भात, भाजी वेगवेगळी ठेवलेली असते. मुलीने आवाजाने सांगायचं, आता मला काय हवंय. यंत्र ते उचलतं आणि तिच्या तोंडापर्यंत नेतं. कदम यांनी त्याला नाव दिलं 'मा रोबोट'.

बातम्यांमध्ये जोर दिला गेला तो एका मजुराने रोबोट बनवला यावर. कौतुक रास्तच आहे. मला मात्र त्या यंत्रातली दुसरी गोष्ट फार मोठी वाटते. भरवायचंच होतं तर ताटातला पदार्थ ओळीने उचलून तोंडाशी नेणारं यंत्र बनवणं कितीतरी सोपं होतं. ठरावीक जागा, ठरावीक फेरी, बोलणं नाही, ऐकणं नाही. कदम यांनी त्यात मुलीचा आवाज घातला. आधी भात की आधी भाजी, हे ती ठरवते. ज्या मुलीला आयुष्यभर दुसऱ्याने दिलेला घास घ्यावा लागला, तिच्या हातात जेवणाचा क्रम आला. अपंग मुलांच्या घरी जे वावरले आहेत त्यांना याची किंमत कळेल. प्रेमापोटीच, पण घाईघाईने, तिला काय हवं हे न विचारता भरवलेले हजारो घास त्या मुलांच्या वाट्याला येतात.

आणि ते नाव. खरी आई त्याच घरात आहे, अंथरुणावर. तिच्या समोर यंत्र मुलीला भरवतं आणि त्याला तिचंच नाव आहे. बाहेरच्या कुणी असं नाव ठेवलं असतं तर मी त्याला भावनेचा बाजार म्हटलं असतं. इथे ते नाव त्या घरातूनच आलं आहे. आईची जागा यंत्राने घेतली, असं त्यातून मला कुठेच वाटत नाही. आईचं जे काम अडलं होतं ते पुढे चालू राहिलं, एवढंच त्या नावात आहे. घाटातल्या खेकड्यासारखंच हेही नाव यंत्राच्या शेजारी राहणाऱ्यांनी ठेवलेलं आहे, म्हणून ते खरं आहे.

पुढे गोवा राज्य नवनिर्मिती परिषदेने कदम यांना पाठबळ दिलं, यंत्रात सुधारणा करायला आणि ते इतरांपर्यंत पोहोचवता येईल का हे बघायला आर्थिक मदत केली. अशा दुसऱ्या मुलांसाठीही ते बनवावं ही त्यांची स्वतःची इच्छा आहे. या वाटेवर ते एकटे नाहीत. १९८७ साली ब्रिटनमध्ये माइक टॉपिंग यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाला आपलं आपण जेवता यावं म्हणून 'हँडी-१' हा यांत्रिक हात बनवला होता. जपानमध्ये सेकॉम कंपनीचं 'माय स्पून' २००२ मध्ये बाजारात आलं. म्हणजे एका मुलासाठी सुरू झालेलं काम हजारोंच्या उपयोगी पडू शकतं, याला आधार आहे. पण जी यंत्रं परदेशी कंपन्या बनवतात ती बेतोड्याच्या घरात पोहोचत नाहीत. किंमत आड येते, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, आणि ताटात वरणभात असेल ही कल्पना त्या यंत्राच्या आराखड्यात नसते. वरणभात चमच्यात धरणं हे पावाचा तुकडा उचलण्यापेक्षा फार वेगळं आहे. म्हणून आपल्याकडे हे काम घरातूनच सुरू होणं अटळ आहे, आणि ज्यांनी ते सुरू केलं त्यांच्या हातात सरकारने, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, कारखान्यांनी साधनं द्यायला हवीत. नाशिक जिल्ह्यात कारखाने कमी नाहीत. इगतपुरीतही मोटारगाड्यांची इंजिनं बनतात. एखादा बाद झालेला सर्वो मोटरचा संच, एखाद्या तंत्रज्ञाचा रविवारचा दिवस, अपंग मुलांच्या एखाद्या शाळेला मिळाला तर काय होईल याचा विचार करावा.

मुंबईत पवईच्या केंद्रीय विद्यालयात संगणक शिकवणारे दिनेश पटेल यांनीही अशीच घरी बनवलेली 'शालू' काही वर्षांपूर्वी लोकांसमोर आणली. पुठ्ठा, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ सामानातून बनलेली ही यंत्रकन्या नऊ भारतीय आणि अडतीस परदेशी भाषा बोलते, असं ते सांगतात. तिला 'शालू' असं शेजारच्या मुलीचं वाटावं असं नाव दिलं, तेव्हाच मुलांशी तिची अर्धी ओळख झालेली असते.

मुलांनी अशा गोष्टी स्वतःच्या हाताने कराव्यात हे आपल्याकडे अरविंद गुप्तांइतकं कुणी सांगितलं नसेल, आणि करून दाखवलं तर नसेलच. आयआयटी कानपूरहून १९७५ मध्ये बाहेर पडून पुण्याच्या टेल्कोत कामाला लागलेले हे अभियंता १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्यांना दिसली. तिचे तुकडे करून त्यात काडेपेटीच्या काड्या खोचल्या की त्रिकोण, चौकोन, घन, पिरॅमिड सगळं बांधता येतं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवलं. दोन इंजेक्शनच्या सिरिंज सलाइनच्या नळीने जोडून पाणी भरलं की एक दाबली तर दुसरी उठते. पास्कलचा नियम तिथे आहेच, आणि पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या जोडल्या की यांत्रिक हातही आहे. त्याला वीज लागत नाही, बोर्ड लागत नाही. मोबाइल विकणाऱ्या दुकानाबाहेर पडलेल्या जुन्या फोनमधली, थरथर करणारी छोटी मोटर टूथब्रशच्या कापलेल्या डोक्यावर चिकटवून बटणाएवढा सेल जोडला, तरी ते केसांवर सरसर पळतं. मात्र फोनची फुगलेली बॅटरी मुलांच्या हातात देऊ नये, आणि बटणसेल लहान मुलांच्या तोंडात जाणार नाही हे बघावं, गिळला तर तो काही तासांत अन्ननलिका जाळतो. कुणी मोठं शेजारी बसल्याशिवाय हे काम करू नये.

थांबरावाकडे परत यायचं तर त्याचा एक गुण मुलांनीच शोधला, आम्ही कुणी तो घातला नव्हता. तो भिंतीपुढे थांबतो, दारापुढे थांबतो, पण गोधडी पांघरून बसलेल्या आजीपुढे थांबत नाही, थेट जाऊन धडकतो. मऊ कापडात आवाज मुरतो, परत येत नाही, त्यामुळे सेन्सरला समोर काहीच नाही असं वाटतं. मुलांनी कारण समजून घेतलं आणि तरी आपलं म्हणणं सोडलं नाही. थांबराव सगळ्यांना घाबरतो, आजीला घाबरत नाही, आजीचा तो लाडका आहे. आजी आता त्याला बघून पाय जवळ घेतात आणि "ये रे बाबा" म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत अंगणातल्या किल्ल्याच्या महादरवाजात त्याला पहारेकरी म्हणून उभं करायचं ठरलंय. समोर कुणी आलं की त्याने मागे सरकण्याऐवजी दिवा लावायचा, एवढा बदल बोर्डात करायचा आहे आणि तो नववीतल्या एका मुलाने अंगावर घेतलाय. मावळ्यांची चित्रं आली आहेत, माती भिजवून झाली आहे. फक्त थांबरावाला फेटा बांधायचा की शिंदेशाही पगडी, यावर मुलांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि दोन्ही पक्षांनी आपापलं कापड आणून ठेवलं आहे.